शालीखालची खिट्टी

टक्.

एवढासा आवाज झाला आणि श्वास रोखून बसलेल्या खोलीत पडद्यावरचं करडं कुरण हिरवंगार झालं.

"आले," पाणी भारून देणारी तुर्सुनाय डोळे मिटून म्हणाली. "बुरुल आपा, तुमचे देवाघरी गेलेले मालक आले. झाकणं काढा गं बरण्यांची, नाहीतर लहरी काचेवर आपटून माघारी जातात."

टीव्हीसमोरच्या पाण्याच्या बरण्यांची झाकणं भराभर निघाली. म्हाताऱ्यांना ही सवय जुनीच. सोव्हिएत काळात टीव्हीतून कुणी पाण्यात शक्ती सोडायचं आणि अख्खा देश बरण्या मांडून बसायचा. देश गेला, बरण्या राहिल्या.

मेएरिम दाराशी चहा ओतत होती. बुरुल आपांच्या सुनेची जागा तीच, चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारपाशी. मानाची माणसं पडद्याला तोंड करून. हिला दिसायची टीव्हीची पाठ.

नवऱ्याने मॉस्कोहून इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारा बॉक्स पाठवला होता. तुर्सुनायच्या भाच्याने मध्ये एक डबी घालून, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी तो जुन्या टीव्हीला जोडला. त्याच दिवसापासून चित्राचे रंग गेले. "मालकांचा आत्मा रंग अडवतोय," तुर्सुनायचं निदान. दर गुरुवारी ती टीव्हीवर शाल पांघरून हात फिरवी, रंग येत. शाल काढताना पुन्हा जात. आणि हे पाणी सुरू झाल्यापासून सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद. काल त्या गोठ्यात भोवळ येऊन पडल्या होत्या.

"मागच्या गुरुवारी वीज नव्हती, तुर्सुनाय एजे," मेएरिम म्हणाली. "तेव्हा नाही आले ते."

"अंधारात आत्मे ठेचकाळतात, पोरी. तू चहा बघ."

मेएरिमने चहा बघितला. तुर्सुनायची वाटी तिने काठोकाठ भरली. सगळ्यांच्या नजरा वाटीकडे वळल्या. पाहुण्याला चहा अर्धीच वाटी द्यायचा, पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ म्हणजे आता उठा.

"सूनबाई," बुरुल आपा म्हणाल्या, "लाज काढलीस."

"इकडे या, आपा. माझ्या जागेवरून बघा."

तिने सासूला टीव्हीमागे नेलं, शाल उचलली आणि त्यांचं बोट डबीवरच्या इवल्याशा खिट्टीवर ठेवलं.

"सरकवा."

टक्. कुरण करडं. टक्. हिरवं.

"रंग पाठवायच्या पद्धती वेगवेगळ्या, आपा. आपल्या म्हाताऱ्या टीव्हीला यातली एकच कळते. खिट्टी चुकीच्या बाजूला गेली की रंग गेले."

"आत्मा खिट्टीतूनही बोलतो," तुर्सुनाय म्हणाली.

मेएरिमने खिट्टी उलटी सरकवली आणि स्वतः बाजूला झाली. "मग बोलू दे. शाल नको, हातही नको."

सगळे पडद्याकडे बघत राहिले. कुरण करडंच राहिलं.

"तुर्सुनाय," शेजारीण सावकाश म्हणाली, "या पाण्यापायी आम्ही तुला दिलेली मेंढी कुठल्या खिट्टीत गेली गं?"

वाटी तशीच भरलेली ठेवून तुर्सुनाय गेली. बायका आपापल्या बरण्या उचलू लागल्या.

"आयांनो, मावश्यांनो," मेएरिम म्हणाली, "चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा उठून त्याच्या पाठीमागे जाऊन बघा. गोळी कडू असते, पण तिच्यावर शाल पांघरावी लागत नाही."

बुरुल आपांनी गोळी घेतली, समोवारच्या साध्या पाण्याबरोबर. मग त्या पुन्हा टीव्हीमागे गेल्या. टक्. कुरण हिरवं झालं. बोट खिट्टीवरून हलेना.

मेएरिमची चार वर्षांची लेक बेगायिम तिच्या मांडीवर चढली.

"आई, रंग तर आले. मग आजी का रडते?"