टोकाटातली थांबायची जागा

"चुकनी तू, पोरी," मागच्या बाकावरून अभिमन म्हणाला. "आठे थांबनं पडस."

साक्षीने ऑर्गनवरची बोटं उचलली. शनिवारची दुपार, धुळ्यातल्या त्या जुन्या चर्चमध्ये दोघंच. इथे ऑर्गन वाजवणाऱ्या कुंदाबाईंना जाऊन महिना झाला होता. उद्या त्यांची स्मरणसभा, आणि त्यांची आवडती टोकाटा ही ऑर्गनची रचना त्यांच्या विद्यार्थिनीने, साक्षीने, वाजवायची होती.

"आबा, पुस्तकात इथे थांबा नाहीये."

"पुस्तकले काय समजस? चाळीस वरीस हवा मी भरी, पुस्तकनी नही."

खोटं नव्हतं. हवा भरायची मोटार बसवली ती बाई गेल्यावर. त्याआधी ऑर्गनच्या पाठीमागे उभं राहून भात्याचा दांडा वरखाली करायचा तो अभिमननेच. सहा दिवस कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत, सातव्या दिवशी दांड्यावर. बाई पुढे, तो मागे. वाजवताना बाईंचा चेहरा कसा होतो, हे त्याने कधी पाहिलं नाही.

टोकाटा तीनशे वर्षांपूर्वीची, जर्मनीतली. तो तिला टाकाटाक म्हणे. आधी सूर नुसते धावतात, त्यांना हवा कमी लागते. पुढे दहा बोटं एकदम पडतात, तिथे दांडा जीव काढतो. या दोन्हींच्या मधे बाई थांबत.

थांबत.

तीन श्वास होईपर्यंत. मग जड सूर.

"तठे देव बोलस," तो बायकोला सांगायचा.

"मंग माले तुमना खोकलाच कसा ऐकू येस?" द्रौपदाबाई म्हणायची.

त्यावर तो रागवायचा. पण ती जागा त्याने मनात जपली होती. उद्या ती गेली तर बाईंची टोकाटा कसली?

"देख ना नीट," तो उठून जवळ आला. "बाई लिखी ठेवेल व्हई."

साक्षीने पान खिडकीच्या उजेडात धरलं. "पेन्सिलीने इथे काहीतरी लिहिलंय खरं. मला वाटलं, बोटांचे आकडे असतील." तिने वाचलं.

"काय शे?"

तिने पुस्तकच त्याच्या हातात दिलं. अभिमनने चष्मा सदऱ्याला पुसला. बाईंचं बारीक अक्षर, पुसट झालेलं.

अभिमनचा दम.

बाईंनी इतक्या वर्षांत त्याला कधी विचारलंही नव्हतं, छातीला बरं आहे का.

"उद्या थांबू मी तिथे?" साक्षीने हळूच विचारलं.

त्याने पुस्तक मिटून तिला परत दिलं. "नको. मोटारले कोठे दम लागस. लिखेल शे तसं वाजाड."

रविवारी साक्षीने न थांबता वाजवलं, धावते सूर चढत चढत गेले आणि मधे कुठेही न तुटता जड सुरांत मिसळले, आणि तिसऱ्या बाकावर अभिमनला कळलं की हे दोन तुकडे नव्हतेच, एकच होतं, आणि हवेशिवाय हा बाजा वाजत नसे, हवा भरायला त्याच्याशिवाय कुणी नसे, म्हणजे हा जोड बाईंनी स्वतःच्या हातून एकदाही ऐकला नव्हता.

लोक प्रार्थनेला उभे राहिले. तो बसूनच राहिला.