पत्र्याचे दोन ट्रे

तुंगार्लीच्या उतारावर रिसॉर्टच्या भूमिपूजनाची कुदळ मारून खासदार केदारी गाडीकडे निघाले, तोच गर्दीतून हाक आली, "सर!"

वीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. दिल्लीला पोचला तरी 'सर' ऐकलं की विरघळायचाच. हाक मारणारी करिष्मा त्यांची जुनी विद्यार्थिनी, खालच्या ठाकरवाडीतली. कडेवर पोर होतं.

"सर, तुमी वर्गात पत्र्याचे दोन ट्रे तिरके मांडले व्हते. एकात गवत, एकात नुसती माती. पानी मीच वतलं व्हतं."

केदारींना लख्ख आठवलं. नुसत्या मातीचा सगळा गाळ हिच्याच पायांवर आला होता, आणि वर्ग खदाखदा हसला होता.

"ह्या उतारावरची झाडं तुमी तोडू दिली. खाली आमची वाडी हाय. आता पावसात काय व्हईल, सर?"

उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. शेजारी बिल्डर गळ्यातला हार सावरत उभा होता.

"तज्ज्ञांची समिती नेमू," केदारी म्हणाले. वर्गात असं उत्तर देणाऱ्याला त्यांनी तासभर बाकावर उभं केलं असतं. त्यांची मान आपोआप खाली गेली.

करिष्मानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"बरं, साहेब," ती म्हणाली.