माझ्या बुडावरचा लांडगा

मित्रांनो, भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी ओळंबा सोडतो ना? मी त्याचाच समुद्रावर राबलेला थोरला भाऊ आहे. आता फार जुना झालो. थंड उत्तरेकडच्या कार्लस्क्रोना बंदराच्या गोदीत शिसं वितळवून मला ओतलं आणि माझ्या बुडाशी एक खळगा ठेवला. त्या खळग्यात चरबी भरायची आणि मला दोरीने पाण्यात सोडायचं. दोरीवरून कळतं खोली किती वाव आहे ते (दोन्ही हात पसरले की एक वाव), आणि चरबीला चिकटून येतं खाली काय आहे ते. चिखल, वाळू, शिंपल्यांचा चुरा, जे असेल ते. आमच्या खडकाळ बेटांमधून जहाज यावरच चालतं. काम घाणेरडं खरं, पण मला त्याची कधी लाज वाटली नाही.

लाज वाटली ती आमच्या कप्तानाला. बॅरन मोरित्स उल्वेनशोल्ड! नाव घेताना दोनदा श्वास घ्यावा लागतो, आणि नावाखाली माणूस शोधायला जाल तर हाती काही लागत नाही. वडिलांच्या चिठ्ठीवर हे पोरगं नवव्या वर्षी आरमारात नोंदलं गेलं आणि समुद्र पाहिला सतराव्या वर्षी. पाहिला म्हणजे काय, कठडा धरून त्यात ओकलं. पहिली बढती मामाच्या वशिल्याने, दुसरी सासऱ्याच्या. एकदा त्याने धुक्यात आपल्याच मिठाच्या गलबतावर तोफा डागल्या. त्याचंही पदक मिळालं, कारण अहवाल लिहिणारा तोच होता. रोज सकाळी दोन तास केसांच्या टोपाला पावडर लावून घ्यायचा. वारा कुठून येतोय हे त्याला ती पावडर उडाल्यावरच कळायचं.

असा हा दिवटा चाळीस तोफांच्या जहाजाचा धनी झाला. एके दिवशी फिरत फिरत माझ्यापाशी आला आणि त्याने नाकाला रुमाल लावला.

"शी! कसला रे हा वास?"

"चरबी आहे साहेब," निल्स क्नाप म्हणाला. मला पाण्यात सोडणारा खलाशी तो.

"उद्या राज्यपालांच्या घरच्या बायका इथं जेवायला येणार आहेत. त्यांच्यापुढं हे? पूस आधी ते!"

निल्सने पुसलं. मग रिकामा खळगा साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागला. लाल लाख वितळवून तो गच्च भरला, आणि बॅरनने बोटातली शिक्क्याची अंगठी स्वतःच्या हाताने त्यावर दाबली. घराण्याचा लांडगा उमटला. अरे, समुद्राने जिथे बोलायचं तिथे या शहाण्याने खानदानाचं थोबाड चिकटवलं! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी त्या बायका जहाजावर आल्या, आणि वाट दाखवायला वाटाड्या तोर्केलही आला. साठीचा माणूस. आमच्याकडे हे काम बापाकडून मुलाकडे येतं आणि कामासोबत बेटावरचं घरही येतं. दुपारी धुकं उतरलं, बेटं दिसेनाशी झाली. पुढे दोन वाटा होत्या, दोन्हींची खोली सारखीच. तळाला चिखल असलेली वाट बंदरात जाते, शिंपले असलेली खडकावर.

"आठ वाव!" निल्स ओरडला.

"बुडाला काय लागलंय?"

"काही नाही, काका. नुसता लांडगा."

तोर्केलने मला उलटं केलं आणि कपाळावर हात मारला. "बॅरनसाहेब, नांगर टाका. चरबी लावून पुन्हा बघू. घटकाभराचं काम आहे."

"आणि सूप गार होऊ दे, नाही का? चल पुढं."

"दिसत नाही तर नेऊ कुठं?"

"मग बाजूला हो. मी नेतो!"

त्याने नेलं. थेट खडकावर. डोलकाठी कोसळली आणि तिच्याखाली तीन खलाशी गेले. त्यांत निल्स होता. बायकांना होडीत उतरवलं, आणि त्याच पहिल्या होडीत बॅरनसाहेबही बसले.

पुढे चौकशी बसली. बॅरनने लिहून दिलं की वाटाड्या दारू प्यायला होता. लाखेबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही, कुणा खलाशाने खोडी केली असेल, अशी शपथही घेतली. खरं सांगणारा निल्स तर मातीत गेलेला. तीन टोपधारी सरदार तोर्केलला फाशी द्यायलाच बसले होते. मी पुरावा म्हणून टेबलावर पडलो होतो. मला तोंड असतं तर!

"तुला काही सांगायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

तोर्केलने मला उचललं. "एवढंच सांगतो मालक, साहेब खरंच बोलतायत. हे काम त्यांचं नसणार. एवढा थोर माणूस असला ओंगळ बकरा कशाला उमटवेल?"

बॅरनची मान गर्रकन वळली. "बकरा?"

"बकराच की. दाढी बघा ना त्याची."

"गाढवा, ती जीभ आहे! उल्वेनशोल्डांचा लांडगा आहे तो! मी माझ्या हातानं उमटवलाय, या अंगठीनं!"

अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. बॅरनने अंगठीचा हात हळूच पाठीमागे नेला.

तोर्केल सुटला, त्याचं घरही राहिलं. त्याने चौकशीवाल्यांकडून मला मागून घेतलं आणि त्यांच्यासमोरच चाकूने ती लाख खरवडली. आणि बॅरनला शिक्षा? छे, सरदाराला कसली शिक्षा! त्याला बंदराच्या कचेरीत वरची जागा मिळाली आणि तो म्हातारा होऊन मऊ गादीवर मेला. चर्चमध्ये त्याच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर 'सागराचा जाणता' असं कोरलंय. थू!

त्या तिघांची पाटी कुठेच नाही. मित्रांनो, म्हणून मीच सांगतो. योन्स स्तोल्ट, पेर हाके, निल्स क्नाप. मला घासूनपुसून कपाटात ठेवू नका, चरबी लावून पाण्यात सोडा. आणि खालचा चिखल ज्याच्या हाताला चालत नाही, त्याच्या हाती माणसांनी भरलेलं जहाज देऊ नका. निल्स सव्वीस वर्षांचा होता.