फणसाच्या स्टुलाने पाहिलेली मुंबई

बालमित्रांनो, फणसाच्या लाकडाचं, दोरीच्या बैठकीचं आणि घडी घालून काखेत मारता येईल असं एक जुनं स्टूल आहे मी. माझा जन्म मालवणचा. यमुनाबाई तिथल्या बाजारात मासे विकायच्या. दिवसभर उकिडवं बसून त्यांचे गुडघे धरायला लागले, तेव्हा त्यांचे यजमान गुणाजी होडीच्या दुरुस्तीतून उरलेली फळी घेऊन अंगणात बसले. त्यांनी माझे पाय कापले, मध्ये बोल्ट घातला आणि जाळ्याच्या निळ्या दोरीने बैठक विणली. यमुनाबाई बसून बघत "बरा आसा" एवढंच म्हणाल्या. गुणाजींना ते पुरलं, आणि मलाही.

तेव्हापासून मी फक्त त्यांचं. शेजारी बसणारी मथुरा घटकाभर माझ्यावर टेकायला आली, की मी मुद्दाम कुरकुरायचे. गिऱ्हाइकं विचारायची, हे कुणी बनवलं? यमुनाबाई सुरमई कापता कापता हसायच्या. उठताना माझ्या कडेवर हात टेकूनच त्या उठायच्या.

मग गुणाजी गेले. माझ्या बोल्टला तेल घालणारं कुणी उरलं नाही. बोल्ट गंजला, दोरीचे पदर सुटू लागले. यमुनाबाईंचे गुडघेही बिघडत गेले. मुंबईहून मुलगा रविराज सारखा फोन करायचा, की आता बाजार पुरे, कायमची इकडे ये. त्या टाळत राहिल्या. शेवटी गेल्या थंडीत, नुसतं बघून येते म्हणून निघाल्या. बसमध्ये मी त्यांच्या पायांशी होते.

रविराजचं घर लालबागला, उंच इमारतीत. तिथे मला पहिला वैरी भेटला, सोफा. यमुनाबाई त्यात अशा रुतल्या, की मला भिंतीशी उभं करून त्यांनी रात्रीपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या इथेच राहिल्या तर माझं काय होणार, हे मला तेव्हाच कळलं.

रविवारी रविराजने टॅक्सी ठरवली. आईला मुंबई दाखवायची, मनासारखं खाऊ घालायचं, म्हणजे ती राहील, असा त्याचा बेत होता. स्टूल कशाला, हॉटेलात खुर्च्या असतात, असं तो म्हणाला. यमुनाबाई ऐकेनात. तेव्हा त्याची बायको प्रियांका हिने मला खांद्याला अडकवलं. ती दादरला साड्यांच्या दुकानात कामाला होती. तिची एकुलती एक सुट्टी ती रविवारची.

आधी माटुंग्याला गेलो. इडलीबरोबरचं सांबार यमुनाबाईंना नको तितकं गोड लागलं, पण कॉफी त्यांनी दोनदा मागवली. बसायला पत्र्याची थंडगार खुर्ची होती. तिचा मला फारसा हेवा वाटला नाही. खरी जळजळ झाली ती फोर्टातल्या इराण्याकडे. तिथली खुर्ची काळ्या लाकडाची होती, वाकवलेल्या पाठीची, माझ्याहून कितीतरी म्हातारी. तरी तिला रोज पुसत असावेत, कारण ती चकाकत होती. लोक तिचे फोटो काढत होते. यमुनाबाई तिच्यावर ऐसपैस बसल्या, बन मस्का चहात बुडवून खाल्ला, आणि रविराजने त्यांचा फोटो काढला. त्या फोटोत कडेला माझा एक पाय आला होता, तर त्याने प्रियांकाला जरा बाजूला सरकायला सांगितलं.

गेटवेला त्या दगडी कठड्यावर बसल्या आणि समुद्राकडे बघून म्हणाल्या, "पाण्याक रंग नाय." भेंडीबाजारात तव्यावरचे कबाब आधी नाक मुरडत चाखले, मग मागून घेतले. क्रॉफर्ड मार्केटजवळ फालुदा खायला थांबलो, तिथे तर मखमली बाक होता. दगडाचा हेवा, बाकाचा हेवा, टॅक्सीच्या सीटचाही हेवा! आणि सगळ्यात जास्त प्रियांकाचा. कारण आता यमुनाबाई उठताना तिच्या खांद्यावर हात टेकत होत्या. माझी जागा तिने घेतली होती, आणि वर मलाच वाहून नेत होती. ती कुठे धड बसलीही नाही. रांगेत उभी राहायची, ताटं आणायची, पाण्याची बाटली भरायची. मला मात्र ती मिरवते आहे असंच वाटत होतं.

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर आलो. भेळवाल्याने वाळूत चटई अंथरली. रविराज भेळ आणायला वळला. चटईवर बसायला यमुनाबाईंचे गुडघे वळेनात. त्यांनी मला मागितलं. मित्रांनो, तो आनंद काय सांगू! एवढ्या मोठ्या शहरात शेवटी माझ्यावाचून त्यांचं अडलं होतं. प्रियांकाने मला उघडून वाळूत घट्ट रोवलं.

यमुनाबाई बसायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांचं लक्ष प्रियांकाच्या टाचेकडे गेलं होतं. चपलेचा पट्टा रक्ताने ओला झाला होता. कधी लागलं, असं त्यांनी विचारलं. चप्पल नवी आहे, माटुंग्यापासूनच चावते आहे, असं ती म्हणाली. मग सांगितलं का नाहीस?

 प्रियांका वाळूकडे बघत हळूच म्हणाली, "आई, रागावू नका. लग्नाला चार वर्षं झाली. यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं. ह्यांना कधी वेळच नसतो. सकाळपासून मला तुमचा हेवा वाटतोय. पाय दुखतोय म्हटलं असतं, तर तो हेवाही तोंडातून बाहेर पडला असता."

 मला वाटलं, आता बिनसलं. पण यमुनाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "माका तुझो हेवो वाटता गो. सकाळी उठल्यार तो तुझ्यासमोर आसता. माका फोनार दिसता."

मग त्यांनी प्रियांकाचा दंड धरला आणि तिला माझ्यावर बसवलं.

मी कुरकुरायच्या बेतात होते. पण तिचा पाय थरथरत होता, तो थरथराट माझ्या दोरीपर्यंत आला. माझ्याने आवाज काढवला नाही. यमुनाबाईंनी उभ्यानेच, एक हात तिच्या खांद्यावर ठेवून, बाटलीतलं पाणी तिच्या टाचेवर ओतलं. बोलता बोलता कळलं, की दुकानातही ती दिवसभर उभीच असते. बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला बरी दिसत नाही, असं मालकाचं म्हणणं.

"उभ्यान इकल्यार मासो ताजो दिसता?" यमुनाबाई म्हणाल्या. प्रियांका पहिल्यांदा हसली.

रविराज भेळ घेऊन आला, तर आई उभी आणि बायको बसलेली. यमुनाबाईंनी त्याला ओरडून काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी हीच टॅक्सी, हीच वाट, आणि फोटो हिचे काढायचे, एवढंच सांगितलं. तो ओशाळला. खाली वाकून बायकोची टाच बघायला लागला, तेव्हा त्याच्या हातातली भेळ सांडली. राहण्याचं विचारलं तर त्या म्हणाल्या, माझा बाजार आहे, मी जाणार.

त्या गेल्या. मला मात्र नेलं नाही. निघताना माझी घडी घालून त्यांनी मला प्रियांकाच्या हातात दिलं. त्यांच्याबरोबर पिशवी गेली, पाण्याची बाटली गेली, खाऊचा रिकामा डबासुद्धा गेला. त्या डब्याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी प्रियांका मला दुकानात घेऊन गेली. मालक मंगेशशेठ यांना माझा माशांचा वास आला आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी बसणार, असं ती सरळ सांगून मोकळी झाली. नोकरी जाते की काय, ही भीती होतीच, तरी तिने मला काउंटरमागे उघडून ठेवलं. शेठ दिवसभर घुश्शात होते. पण तिला कामावरून काढलं नाही. काही दिवसांनी त्यांनीच शटरला घालायचं तेल माझ्या बोल्टला घातलं. आता प्रियांका आणि तिच्याबरोबर दुकानात काम करणारी शर्मिला पाळीपाळीने माझ्यावर बसतात.

परवा फोनवर यमुनाबाई दिसल्या. बाजारातच होत्या. लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि ती खुर्ची चांगली मजबूत दिसत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. हेवा काही जात नाही, मित्रांनो. पण त्याच्यामुळे समोरच्याचा दुखरा पाय दिसेनासा होतो, हे मला चौपाटीवर कळलं.

म्हणून एक मागणं आहे. घरात माझ्यासारखं जुनं लाकूड असेल, तर त्याला थोडं तेल द्या, सुटलेली दोरी आवळा. आणि दुकानात काही घ्यायला गेलात, तर काउंटरमागच्या ताईला बसायला काही आहे का, ते बघा. नसेल तर मालकांना विचारा. तुम्ही लहान आहात, तुमच्यावर कुणी रागावणार नाही.

आता पुरे करते. शर्मिला सकाळपासून उभी आहे, तिला बसू द्या.