पाचवा बार

आमची मोहिनी आष्टीला बारावी सायन्सला होती, आन् घरी आली की माझं डोकं खायची. त्या दिवशी बजरंगची भाकर घेऊन आमी मायलेकी डोंगराची सोंड चढत होतो. बजरंग माझा थोरला. मेंढ्या विकल्यापासून विहिरीच्या कामावर जायचा, खडकात सुरुंग लावायचा. सोंडेच्या पल्याड, खाली, नवी विहीर चालू होती.

"आई, सूर्य आत्ता गायब झाला तर?"

"मुस्काट फोडीन! भर दुपारी असलं अभद्र कशाला बोलती?"

"अगं, आठ मिनिटं आपल्याला पत्ताच लागणार न्हाई. उजेडाला यायला तेवढा वेळ लागतो. आन् सूर्याची वढ बी उजेडाच्याच वेगानं येती. त्यो नसला तरी आठ मिनिटं धरती त्याच्याच भवती फिरत ऱ्हाणार."

"येडी हाय का तुजी धरती? ज्याच्या जिवावर फिरती त्यो गेला, आन् हिला म्हाईत न्हाई?"

पोरगी खदखदा हसली.

सोंडेवरनं खाली विहीर दिसली, लई लांब. माणसं बांधाआड पळत होती, म्हंजी वाती पेटवल्या होत्या. आज पाच बार हायेत, असं बजरंग सकाळी म्हणाला होता. मी मोजायला लागले. मेंढरं मोजण्यात जन्म गेला, मोजल्याबिगर ऱ्हावत न्हाई. दर बाराला आधी धूळ उडायची, मग आवाज यायचा.

"बघ, उजेड पुढं, आवाज मागून," मोहिनी म्हणाली.

चार झाले. पाचवा उडंना.

"दोन संगट उडाले आस्तील."

"गप. चारच उडाले."

बार राहिला तर त्या दिवशी विहिरीत उतरायचं न्हाई, ह्यो त्यांच्यातला नेम. पण आमचा बजरंग म्हंजी घायकुता. बांधाआडनं तांबडा शर्ट निघाला आन् विहिरीकडं चालला. काल मीच वाळत घातलेला शर्ट त्यो. मोहिनीनं फोन काढला, रेंज न्हाई.

"आरं गधड्या, थांब! पाचवा राहिलाय!" मी घसा फोडला. त्याला कुठनं ऐकू जाणार? तांबडा शर्ट क्रेनच्या डोलात बसला. डोल खाली गेला.

मग विहिरीच्या तोंडातनं धूळ वर आली. गपगार.

मी मोहिनीचं मनगट धरलं. "वाजलं न्हाई गं! म्हंजी काय झालं न्हाई, हाय ना?"

तिला सगळं कळत होतं. तिनं मला पोटाशी धरलं आन् माझे दोन्ही कान हातांनी झाकले.

"न्हाई आई. अजून न्हाई."

तरी तिच्या हातांतनं आवाज आलाच.

धरतीला येडी म्हणाले होते मी. आठ मिनिटं कवाच सरली, आन् आजबी मी बजरंगच्या वाटणीची भाकर थापती.