माझ्या तळाला फळी नाही

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. तारेचा, सशांचा, शेडमधल्या दुसऱ्या ओळीतला डावीकडून चौथा. पिंजऱ्याला कसलं आलंय मन, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण आज मला बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण वेळ फार थोडा उरला आहे.

एका वेल्डरने मला बनवलं. मोठा सफाईदार हात होता त्याचा. जाताना तो मालकांना म्हणाला, "तळाला एक लाकडी फळी टाका हं. दिवसभर तारेवर राहून सशांचे पाय सोलतात." मालकांनी फळी टाकली. तेव्हा माझं कोण कौतुक! शेड बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी माझ्यापाशी आणत.

पण फळी मुताने भिजायची, रोज धुवावी लागायची. एक दिवस मालक वैतागले. "हा रोजचा ताप कुणी सांगितलाय? जाळीतून सगळं आपोआप खाली पडतं की!" फळी गेली ती गेलीच. मग माझ्यात राहिलेल्या प्रत्येक सशाच्या तळपायाचे केस झडले, कातडी सोलली, जखमा झाल्या. त्यांना टोचणारी तार माझीच. कान ताठ करून बसावं एवढी उंचीही माझ्यात नाही. लाज वाटते हो मला माझी.

गेल्या महिन्यात कानतुटकी माझ्यात आली. डाव्या कानाला खाच असलेली ही करडी मादी गाभण होती. तिचं नाव मालकांच्या सूनबाईंनी ठेवलेलं. आमच्या शेडमध्ये प्रत्येक पिंजऱ्याच्या दाराला एक पुठ्ठा अडकवलेला असतो. आतली मादी कधी विणार, ती तारीख त्यावर असते. तारखेच्या तीन दिवस आधी मालक आत लाकडी पेटी ठेवतात, तिच्यात सुकं गवत घालतात. मादी स्वतःच्या अंगाचे केस उपटून त्यावर अंथरते आणि त्या उबेत पिल्लं जगतात.

धुलाईच्या दिवशी मालकांनी घाईघाईत दोन माद्यांची अदलाबदल केली. कानतुटकीला माझ्यात टाकलं आणि पुठ्ठे मात्र जागच्या जागी राहिले. माझ्या पुठ्ठ्यावर आधीच्या मादीची तारीख होती, कानतुटकीच्या तारखेहून तीन आठवडे पुढची. कानतुटकीची पेटी गेली तिच्या जुन्या पिंजऱ्यात. तिथली मादी पेटीवर चढून मजेत गवत खात बसली.

इकडे कानतुटकीने केस उपटायला सुरुवात केली. पोटाचे उपटले, छातीचे उपटले. तोंडात धरून कोपऱ्यात ठेवायची आणि ते माझ्या जाळीतून खाली लेंड्यांत पडायचे. ती पुन्हा उपटायची. अगं थांब, काही उरत नाहीये, असं मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडणार कशाने?

पहाटे सात पिल्लं झाली. उघडी, गुलाबी, बोटाएवढी. खालून गार वारा येत होता. त्यांचे पाय जाळीत अडकले. ती एकेकाला चाटत होती. उजाडेपर्यंत सातही गार पडली.

मालक आले, बघून कपाळाला हात लावला. "ही पिल्लं मारणारी अवलाद! आजच्या टेम्पोत घाला हिला. जाऊ दे कसायाकडे."

सूनबाई माझ्याखालचं झाडत होत्या. त्यांच्या हाताला केसांचा गोळा लागला. त्या तशाच उठल्या. "बाबा, हे बघा. सगळं अंग ओरबाडलंय हिनं. पेटीच नव्हती, बिचारी घालणार कुठे? आणि हा पुठ्ठा हिचा नाहीच. तुम्हीच हलवलंत ना हिला?"

मालकांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. चूक त्यांना कळली, मित्रांनो. चेहरा उतरला त्यांचा.

"झालं ते झालं," ते पुटपुटले. "टेम्पो दारात उभा आहे."

"बाबा, तिची काय चूक?"

"तू झाडून घे."

त्यांनी तिला मानेला धरून उचललं. तिच्या पोटावर एक केस नव्हता.

ही गोष्ट परवाची. काल माझ्यात एक पांढरी मादी आली. या वेळी मालकांनी पुठ्ठा नीट बघून लावला. त्यावरच्या तारखेला अजून चार दिवस आहेत. पण पुठ्ठ्याचं पोटातल्या पिल्लांना काय माहीत? आज सकाळपासून तिने केस उपटायला घेतले आहेत. सूनबाई दवाखान्यात गेल्यात, मालक बाजारात. पेट्या समोरच्या भिंतीशी रचून ठेवल्या आहेत. मला त्या इथून दिसतात.

तुम्ही ससे पाळत असाल तर पुठ्ठा वाचून पुढे जाऊ नका हो, आत डोकावून बघा. पायाखाली फळी द्या. ताठ बसण्यापुरती उंची द्या. आणि आत्ता कुणी या शेडपाशी असाल तर धावत या. माझी कडी बाहेरून आहे. मला ती काढता येत नाही, मित्रांनो, तुम्हाला येते.