कॅमेऱ्याची बोली आणि माझी परीक्षा

माझ्या नवऱ्याला जुने कॅमेरे विकत घ्यायचे नसतात, त्यांच्यावर लागणाऱ्या बोल्या बघायच्या असतात. कुणी बोली वाढवली की कॉम्प्युटरमधून ‘टिंग’ होतं आणि हा आंघोळ अर्धी टाकून धावत येतो. आजवर एकही कॅमेरा घरात आला नाही, तेवढंच नशीब.

गंमत म्हणजे ब्राउझर बंद केला तरी टिंग थांबायचं नाही. वरची फुली दाबायची, खिडकी जायची, आणि ते बेटं आतून चालूच. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण मला परीक्षा द्यायची होती.

लेकीच्या जन्मानंतर मी लॅबमधली रक्त तपासायची नोकरी सोडली. आता तीच कॉलेजात जाते. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जागा निघाली होती, आणि वयाच्या अटीत मी या वर्षीच शेवटची बसत होते. परीक्षा घरूनच, कॉम्प्युटरवर. परीक्षेच्या वेळी दुसरं काहीही चालू सापडलं की बाद.

म्हणून आदल्या संध्याकाळी मी सेटिंगमध्ये शिरले. शोधून शोधून सापडलं: ‘ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू ठेवा.’ ते बंद केलं. फुली दाबून बघितलं, स्क्रीनवरच्या घड्याळाशेजारचं त्याचं चिन्हही गेलं. नवऱ्याला दाखवलं आणि बजावलं, ‘‘हे बघ, उद्या माझं होईपर्यंत याला हात लावायचा नाही.’’

‘‘नाही गं बाई,’’ तो म्हणाला.

सकाळी मी पेपर सुरू केला. प्रश्न असे ओळखीचे, की माहेरी आल्यासारखं वाटलं. हात भराभर चालत होता. आणि टिंग. कोपऱ्यात कॅमेऱ्याचा फोटो उगवला, स्क्रीन लाल झाला. दुसरा प्रोग्राम चालू आढळला, परीक्षा रद्द. हातातोंडाशी आलेला घास गेला हो माझा! मी तशीच ओरडले.

नवरा दारात आला. त्याचा चेहरा बघूनच मी समजले.

‘‘तू परत चालू केलंस?’’

‘‘अगं, सकाळी बोली संपणार होती. एवढ्यात काय होतंय, असं वाटलं.’’

‘‘मला सांगायचंस तरी!’’

‘‘तू चिडली असतीस.’’

वर म्हणतो, ‘‘थांब, मी निस्तरतो.’’ परीक्षेच्या मदत केंद्राला फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडच्या बाईंनी पेपर रद्द झाल्याचं ऐकून घेतलं आणि नीट विचारलं, ‘‘उमेदवाराकडून चूक झाली, की दुसरं काही कारण होतं? दुसरं कारण असेल तर आपण पेपर पुन्हा घेतो.’’

सोन्यासारखी संधी! मी तोंड उघडणार, तेवढ्यात हा गोड आवाजात म्हणाला, ‘‘काय आहे मॅडम, आमच्या हिला कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही हो. जरा सांभाळून घ्या.’’

मी फोन हिसकावला. ‘‘खोटं आहे! मी सगळं बंद केलं होतं. याने माझ्या पाठीमागे चालू केलं, याच्या टिंगटिंगसाठी!’’

मग बाई म्हणाल्या, ‘‘ताई, तुमच्या मिस्टरांनी सांगितलेलं कारण मी टाकलंय. एकदा टाकलं की बदलता येत नाही. आणि घरातली भांडणं आम्ही कशी ठरवणार?’’ त्यांनी फोन ठेवला. त्यांचा तरी काय दोष.

मी खुर्चीवर बसून रडले, अगदी हमसून हमसून. पण लाल झालं ते याचं तोंड.

‘‘परक्या बाईसमोर माझी लाज काढलीस,’’ तो म्हणाला. ‘‘मी तुझ्यासाठी गयावया करतोय आणि तू?’’ चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. पाय आपटत आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

जेवायची वेळ झाली तरी दार उघडेना. सासूबाईंनी दोनदा हाक मारून बघितली. मग माझ्यापाशी आल्या, डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता माझ्या नोकरीचं काही बोलतील.

‘‘जा गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्याची समजूत काढ. सकाळपासून उपाशी आहे तो.’’